राज्याचा खजिना सांभाळणारा माणूस पक्षाचा असावा का? (जेफ ॲटवॉटर यांच्या कारकिर्दीनिमित्त)

निवृत्त उपकोषागार अधिकारी, दापोली

माझी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यातील उपकोषागारांत झाली. आलेल्या देयकाचे लेखाशीर्ष (खर्चाचे खाते) बरोबर आहे का, तरतूद शिल्लक आहे का, आहरण व संवितरण अधिकाऱ्याची (कार्यालयाच्या वतीने पैसे काढून वाटणाऱ्या अधिकाऱ्याची) स्वाक्षरी नमुन्याशी जुळते का, हे पाहायचे आणि उणीव आढळल्यास आक्षेप नोंदवून देयक परत पाठवायचे, हे आमचे काम. मार्चअखेरीस रात्री उशिरापर्यंत खिडकीपाशी गर्दी असे आणि कोणा ना कोणा पुढाऱ्याचा फोनही येई. तरीही आम्ही नियमावर बोट ठेवू शकत होतो, कारण आमची नेमणूक त्या पुढाऱ्याच्या मतदारांवर अवलंबून नव्हती.

माझी मुलगी अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात राहते. जुने घर सोडताना वीजजोडणीची राहून गेलेली अनामत रक्कम तिला नुकतीच राज्याच्या वित्तीय सेवा विभागाकडून परत मिळाली. या विभागाचा प्रमुख म्हणजे राज्याचा मुख्य वित्तीय अधिकारी, आणि तो चक्क मतदानाने निवडला जातो, हे मला तेव्हा कळले. 2011 ते 2017 या काळात या पदावर असलेले जेफ ॲटवॉटर त्याआधी रिपब्लिकन पक्षाचे आमदार आणि राज्याच्या सिनेटचे, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे, अध्यक्ष होते. आपल्या कोकणाने याच्या उलट प्रवास पाहिला आहे. रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख सनदी सेवेतून रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, 1950 मध्ये केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि 1952 ची निवडणूक त्यानंतर कुलाब्यातून (आजच्या रायगड जिल्ह्यातून) जिंकले. सुरेश प्रभूही आधी सनदी लेखापाल आणि मग राजापूरचे खासदार. हिशेबाचा माणूस राजकारणात जाणे मी समजू शकतो. पक्षाचा नेता थेट तिजोरीवर बसतो तेव्हा त्याला आक्षेप नोंदवण्याचे बळ कुठून मिळते? जाणकारांनी कृपया सांगावे.

सनदी लेखापाल, चिपळूण

प्रथम पदाविषयी. फ्लोरिडाच्या मतदारांनी 1998 मध्ये घटनादुरुस्ती मंजूर केली आणि लेखानियंत्रक व खजिनदार ही निवडणुकीने भरली जाणारी दोन पदे 2003 पासून एक झाली. राज्याने द्यावयाची देयके तपासून मंजूर करणे आणि राज्याचा पैसा व रोखे सांभाळणे, ही घटनेने सांगितलेली दोन मुख्य कामे आहेत. राज्याचा अग्निशमन प्रमुखही तोच असतो, आणि निवृत्तिवेतन निधीची गुंतवणूक पाहणाऱ्या मंडळावर तो गव्हर्नर (राज्याचा निवडून आलेला प्रमुख) व ॲटर्नी जनरल (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी) यांच्यासोबत विश्वस्त असतो. पात्रतेसाठी वय तीस वर्षे आणि राज्यात सात वर्षांचे वास्तव्य पुरते. लेखाशास्त्राच्या पदवीची अट नाही. आपल्याला हे खटकणे स्वाभाविक आहे. परंतु ही व्यवस्था ज्या भीतीतून आली ती आपल्याच भीतीसारखी आहे. खर्च करणारा गव्हर्नर आणि पैसे देणारा अधिकारी एकाच हाताखाली नसावेत, म्हणून दोघांनाही स्वतंत्रपणे लोकांकडून निवडून आणले जाते.

ॲटवॉटर यांच्याबाबत एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. ते मुळात बँकेतले गृहस्थ. 2000 मध्ये ते राज्याच्या प्रतिनिधिगृहात गेले, 2002 मध्ये सिनेटमध्ये आणि 2008 मध्ये सिनेटचे अध्यक्ष झाले, तेही नेमके मंदीच्या तोंडावर. फ्लोरिडात वैयक्तिक प्राप्तिकर नाही आणि अंदाजपत्रक तुटीचे ठेवण्यास घटनेची मनाई आहे. जानेवारी 2009 मध्ये विशेष अधिवेशन बोलावून दोन अब्ज डॉलरहून मोठी तूट भरून काढावी लागली, आणि त्याच वर्षी करवाढीला विरोध हे ब्रीद मानणाऱ्या पक्षाच्या विधिमंडळाने सिगारेटच्या पाकिटामागे एक डॉलरचा अधिभार लावला. परंपरावादी आर्थिक विचाराचा माणूस हिशेब जुळेना तेव्हा काय करतो, हे पाहायचे तर त्यांच्या कारकिर्दीतले हेच वर्ष पाहावे, असे माझे मत आहे.

2010 मध्ये ते मुख्य वित्तीय अधिकारी म्हणून निवडून आले आणि 2014 मध्ये पुन्हा. शासकीय कंत्राटे कोणाला, किती रकमेची दिली आहेत हे कोणाही नागरिकाला संगणकावर पाहता येईल अशी प्रणाली त्यांनी 2012 मध्ये सुरू केली. त्यांचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम मात्र आयुर्विम्याचे आहे. काही विमा कंपन्या मृत्यूच्या नोंदींची यादी वार्षिकीधारकाचे (हयातीत ठरावीक रक्कम मिळणाऱ्याचे) हप्ते थांबवण्यासाठी तत्परतेने तपासत, पण त्याच यादीवरून मयत विमाधारकाच्या वारसांना शोधण्याची तसदी घेत नसत. 2016 मध्ये ॲटवॉटर यांनी आग्रह धरून असा कायदा करून घेतला की कंपन्यांनी ही यादी नियमितपणे तपासावी, जुन्या विमापत्रांसाठीही तपासावी आणि वारसांना शोधावे. कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. माझ्याकडे गावोगावचे लोक येतात तेव्हा मुंबईच्या गोदीत किंवा गिरणीत आयुष्य काढलेल्या वडिलांचे विमापत्र लोखंडी ट्रंकेच्या तळाशी, पिवळे पडून घडीवर फाटलेले, असे कित्येकदा पुढ्यात येते. विमा होता हे घरात कोणालाच ठाऊक नसते. अशा कुटुंबाच्या वतीने बलाढ्य कंपन्यांशी भांडणारा माणूस कोणत्या पक्षाचा होता, हे मी दुय्यम मानतो.

देवगडकर

वरील माहितीबद्दल आभार. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. एका चांगल्या माणसावरून पदाची रचना योग्य ठरत नाही. 2017 मध्ये ॲटवॉटर मुदत संपण्यापूर्वीच पद सोडून फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाचे मुख्य वित्तीय अधिकारी झाले आणि रिकाम्या जागी गव्हर्नर रिक स्कॉट यांनी जिमी पॅट्रोनिस यांची नेमणूक केली. म्हणजे ज्याला गव्हर्नरपासून स्वतंत्र ठेवायचे, त्यालाच गव्हर्नरने निवडले. पॅट्रोनिस यांचे घराणे पनामा सिटी बीच या फ्लोरिडातील किनारी गावात मासळीचे उपाहारगृह चालवणारे; ते स्वतः 2006 ते 2014 आमदार होते. ऑक्टोबर 2018 मध्ये मायकेल चक्रीवादळाने त्यांचाच किनारा उद्ध्वस्त केला. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागायतदारांनी मुळासकट आडव्या झालेल्या सुपारीच्या बागांचे पंचनामे होण्याची जी वाट पाहिली ती आठवली, तर आपत्तीत पोळलेला माणूस विम्याच्या तक्रारी हाताळणाऱ्या खात्यावर असणे मला गैर वाटत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु डिसेंबर 2022 मध्ये त्यांनी ब्लॅकरॉक या गुंतवणूक कंपनीकडील राज्याचे सुमारे दोन अब्ज डॉलर काढून घेण्याचे जाहीर केले, ते परतावा कमी मिळाला म्हणून नव्हे, तर कंपनीच्या पर्यावरणविषयक व सामाजिक धोरणांना पक्षाचा विरोध होता म्हणून. 2024 च्या आरंभी तर डोनाल्ड ट्रम्प यांच्या न्यायालयीन खर्चासाठी राज्याच्या तिजोरीतून पन्नास लाख डॉलरपर्यंत रक्कम द्यावी, या प्रस्तावाचा त्यांनी पुरस्कार केला. तो अडवला कोणी? त्यांच्याच पक्षाचे गव्हर्नर डिसँटिस यांनी नकाराधिकाराचा इशारा दिला आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. आक्षेप नोंदवण्याची जबाबदारी ज्याची, तोच मागणी पुढे करू लागला. कुंपणच शेत खाऊ लागते तेव्हा राखण कोणी करायची? 2025 मध्ये पॅट्रोनिस पद सोडून अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून गेले आणि त्यांच्या जागी आता ब्लेझ इंगोग्लिया आहेत, जे राज्यातील रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष राहिले आहेत. तिजोरीचे पद पुढच्या पदाची पायरी होते, ही माझी खरी तक्रार आहे.

निवृत्त उपकोषागार अधिकारी, दापोली

दोघांचेही मनःपूर्वक आभार. विम्याच्या कायद्याविषयी वाचून ॲटवॉटर यांच्याबद्दल आदर वाटला. देवगडकरांची चिंता मात्र माझीच आहे. एक विचारतो : देयक मंजूर करणाऱ्या या अधिकाऱ्याचे स्वतःचे हिशेब कोण तपासतो?

सनदी लेखापाल, चिपळूण

त्यासाठी फ्लोरिडात स्वतंत्र महालेखापरीक्षक आहे. त्याला जनता निवडत नाही आणि गव्हर्नरही नेमत नाही. विधिमंडळाची संयुक्त लेखापरीक्षण समिती त्याची निवड करते आणि दोन्ही सभागृहे तिला मान्यता देतात. आपल्याकडे घटनेच्या 148 व्या अनुच्छेदानुसार नियंत्रक व महालेखापरीक्षकांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच पदावरून दूर करता येते. आपले संरक्षण अधिक भक्कम आहे, एवढे या मुद्द्यापुरते मला मान्य आहे. मात्र ही तपासणी पैसे गेल्यानंतरची असते. पैसे जाण्याआधीचा आक्षेप तुमच्या खिडकीवरच नोंदवावा लागतो.