बहिष्कारामागची तयारी
बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशाला देण्यास रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय स्त्रीने दिलेल्या एका नकारातून अमेरिकेतील माँटगोमेरी शहरातला, वर्णभेदाविरुद्धचा बसबहिष्कार उभा राहिला, असे सांगितले जाते. हे म्हणणे खरे असले तरी त्यामागची तयारी त्यात झाकली जाते. पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ रोजी अटक होताच प्राध्यापिका जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी रातोरात हजारो पत्रके काढली. अशा बहिष्काराचा इशारा तर त्यांनी महापौरांना १९५४ मध्येच पत्राने दिला होता. पुढे ३८१ दिवस कृष्णवर्णीय कष्टकरी, त्यांत घरकाम करणाऱ्या कितीतरी स्त्रिया, पायी किंवा इतरांच्या मोटारींतून कामावर जात राहिले. शिवाय ज्या खटल्यामुळे बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरला, त्यातील चार वादी स्त्रियांत पार्क्स नव्हत्या. मार्च १९५५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी अटक झालेली क्लॉडेट कोल्व्हिन मात्र होती. तिचे नाव इतके मागे पडावे, हे मला अन्यायाचे वाटते.