जुन्या गाजलेल्या गाड्या रेट्रो रूपात परत आणाव्यात का? (सिएरा, चेतक, जावा, कायनेटिक वगैरे)

पिंपरीकर
टाटाची नवी सिएरा २०२५ च्या नोव्हेंबरात आली, आता रस्त्यावर दिसायलाही लागलीये आणि दिसली की आमच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो, म्हणून म्हटलं इथे धागा काढू. प्रश्न सरळ आहे, कंपन्यांनी जुन्या गाजलेल्या गाड्या नवं रेट्रो रूप देऊन परत आणाव्यात का? माझं मत, आणू नयेत. आणि आणायच्याच असतील तर त्या गाडीने जे काम केलं होतं ते परत आणा, नुसतं नाव आणि चेहरा नको.

जुनी सिएरा कोणाकोणाला आठवते? १९९१ ची. दारं तीनच, म्हणजे बाजूला दोन आणि मागचं एक. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून वाकून आत शिरायचं आणि एकदा बसलं की दोन्ही बाजूंना ती भलीमोठी काच, वर छतापर्यंत वळत गेलेली, उघडायची सोय नाही. मे महिन्यात मागचा माणूस भाजून निघायचा पण खंडाळ्याचा घाट चढताना त्या सीटवरून जे दिसायचं ते तेव्हाच्या दुसऱ्या कुठल्याच गाडीतून दिसत नव्हतं. ट्रक बनवणाऱ्या टेल्कोने (म्हणजे आजची टाटा मोटर्स) आपल्याच पिकअपच्या सांगाड्यावर ही गाडी उभी केली, एसी, पॉवर विंडो दिल्या, आणि हे सगळं अशा काळात जेव्हा लोकांना गाडी म्हटलं की फियाट, ॲम्बॅसेडर आणि मारुती एवढंच माहीत होतं. धाडस होतं हो ते!

नव्या सिएराला पाच दारं, काच छतात वळतच नाही, मधला भाग काळा करून काचेचा भास केलाय. गाडी वाईट आहे असं अजिबात म्हणत नाहीये, आरामशीर आहे, इंजिनं चांगली आहेत. पण १९९१ च्या गाडीची आठवण ठेवायची तर २०२५ मध्ये कोणी पाहिलंच नसेल असं काहीतरी करायला हवं होतं. तेव्हाचा जो आकार धाडसाचा होता तोच आज सगळ्यात सुरक्षित जुगार झालाय.

दोन_स्ट्रोक
पूर्ण असहमत. तीन दारांची फॅमिली गाडी आज घेणार कोण? आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना सीट दुमडून मागे बसवणार का तुम्ही? जिमनी तोवर जगभर तीन दारांची, मारुतीने इथे २०२३ ला आणली ती पाच दारांचीच. थारलासुद्धा २०२४ मध्ये पाच दारांची रॉक्स काढावी लागली. आणि जुनी सिएरा एवढीच लाडकी होती तर तेव्हा लोकांनी घेतली का नाही? १९९८ ला सफारी आली आणि ही मागे पडली, २००३ मध्ये बंद. आवडणं वेगळं आणि शोरूममध्ये जाऊन चेक फाडणं वेगळं. कंपनीने तुमचं आवडणं ठेवलं आणि गैरसोय काढून टाकली, यात फसवणूक कुठे झाली ते मला कळत नाहीये.

दुसरं म्हणजे आजच्या सगळ्या एसयूव्ही समोरून सारख्याच दिसतात. पट्टीसारखा दिवा, खाली मोठी जाळी, बोधचिन्ह झाकलं तर कंपनी ओळखू येत नाही. त्या गर्दीत जर एखादी गाडी लांबून ओळखू येत असेल तर मला तरी आनंदच होतो.

म्युनिकवासी
इकडचा अनुभव लिहितो कारण हा खेळ युरोपात पंचवीस-तीस वर्षं चालू आहे आणि त्याचे दोन्ही निकाल डोळ्यासमोर आहेत.

मूळ मिनी १९५९ ची. सुएझ कालव्याच्या पेचानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर आलं म्हणून कमीत कमी पेट्रोलमध्ये चार माणसं नेणारी गाडी हवी होती. अलेक इसिगोनिस या अभियंत्याने इंजिन आडवं बसवलं, चाकं १० इंची केली आणि जेमतेम ३ मीटर लांबीत चार माणसं बसवली. आज जगातल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवंच असतं, ती मांडणी रूढ केली ती या गाडीने. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये नवी मिनी आणली, दिसायला गोड, चालवायला झकास, पण आज त्यांची कंट्रीमन ४.४ मीटरच्या पुढे गेलीये. मिनी नावाची गाडी! म्हणजे पिंपरीकर म्हणतात ते इथे शब्दशः खरं आहे, चेहरा ठेवला आणि काम सोडलं.

पण दुसरी बाजू पण लिहितो. २००० मध्ये बीएमडब्ल्यूने मिनी बनवणारी रोव्हर कंपनी विकून टाकली आणि मिनी तेवढी स्वतःकडे ठेवली. रोव्हर २००५ मध्ये बुडाली. ऑक्सफर्डचा मिनीचा कारखाना आजही चालू आहे. त्या कारखान्यातल्या माणसाला विचारा रेट्रो चांगलं की वाईट.

आणि फोक्सवॅगनची न्यू बीटल, १९९८ ची. जुन्या बीटलचं इंजिन मागे, हवेने थंड होणारं, कुठल्याही गावात दुरुस्त होईल असं. नवी बीटल म्हणजे आतून कंपनीचीच गोल्फ, इंजिन पुढे, आणि डॅशबोर्डवर फूल ठेवायला फुलदाणी. सुरुवातीला अमेरिकेत लोक तुटून पडले, मग २०११ मध्ये अजून एक पिढी काढली, २०१९ ला मेक्सिकोत शेवटची गाडी निघाली आणि संपलं. चेहऱ्यावर एकदा गाडी विकता येते, दुसऱ्यांदा विकायला कारण लागतं.

क्ले_मॉडेल
मी डिझाइनच्या कामात आहे (चाकण पट्ट्यात, कंपनीचं नाव सांगत नाही). दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटतेय ती म्हणजे जुना आकार जसाच्या तसा आणताच येत नाही. पादचाऱ्याला धडक बसली तर त्याचं डोकं बॉनेटवर आपटतं, म्हणून बॉनेटच्या पत्र्याखाली इंजिनापर्यंत मोकळी जागा ठेवावी लागते, त्यामुळे नाक उंच होतं. गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून खांब जाड, त्यात कर्टन एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी). जुन्या गाड्यांचे ते काडीसारखे खांब आणि सगळीकडे काच, ते आता विसरा. ओम्नी आणि जिप्सी सुरक्षेच्या नव्या नियमांपुढेच थांबल्या. त्यामुळे सिएराची काच छतात वळत नाही यामागे केवळ आळस आहे असं म्हणणं अन्याय आहे, तिच्या आरेखकांनी जिवाचं रान केलं असणार.

तरीही मी पिंपरीकरांच्याच बाजूने आहे, कारण वेगळं आहे. २०२१ मध्ये लॅम्बोर्गिनीने काउंटाच ही आपली जुनी गाजलेली स्पोर्ट्स कार परत आणली. मूळ काउंटाच ज्यांनी रेखली ते मार्चेल्लो गांदिनी तेव्हा हयात होते, त्यांनी जाहीर निवेदन काढून सांगितलं की या गाडीशी माझा संबंध नाही. त्यांचं म्हणणं होतं की आपण आयुष्यभर प्रत्येक गाडी आधीच्यापेक्षा वेगळी करत आलो. मला ते फार लागलं. आमच्याकडे चोविशी-पंचविशीतली पोरं-पोरी येतात, हातात अफाट कला असते, आणि त्यांना काम काय मिळतं तर तीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा फोटो भिंतीवर लावून त्याची रेषा जुळवायचं. मग २०५५ मध्ये परत आणायला आजची कुठली गाडी उरणार आहे?

शनिवारवाडा_गिअरलेस
सगळे काका लोक सिएरा आणि बीटलवर बोलतायत म्हणून मी कायनेटिक होंडावर बोलते.

१९८४ ची गाडी. त्याआधी स्कूटर म्हणजे काय होतं ते आठवा, डाव्या मुठीत क्लच आणि तीच मूठ पिळून गिअर, सकाळी सुरू झाली नाही तर चोक ओढा, स्कूटर एका अंगावर कलती करा, सरळ करा आणि मग किक मारत बसा. साडी नेसून हे करणाऱ्या बायका नव्हत्या असं नाही, पण किती? कायनेटिक होंडाला गिअर नाही, किकची गरज नाही, बटण दाबलं की चालू. माझ्या आत्याने तिशीत तीच गाडी शिकून नोकरीला जायला सुरुवात केली, रिक्षाची आणि भावाची वाट बघणं संपलं. पुण्यात बायका-मुलींच्या हातात दुचाकी आली त्यात या गाडीचा वाटा फार मोठा आहे, तुम्ही कोणत्याही पुणेकर बाईला विचारा.

आता २०२५ मध्ये कायनेटिकनेच डीएक्स नाव ठेवून, तोच चौकोनी चेहरा ठेवून इलेक्ट्रिक काढली. आत्याला दाखवली तर तिने पायाखालच्या सपाट जागेवर दोनदा पाय ठेवून बघितला, सिलेंडर बसेल म्हणाली, आणि टेस्ट राइड मागितली. साठी उलटलेल्या बाईला नवीन यंत्राची भीती वाटत नाही कारण ते ओळखीचं दिसतं. हा रेट्रोचा फायदा कोणी मोजत नाही. इलेक्ट्रिक म्हटलं की बॅटरीचं काय, पावसात काय, शंभर शंका असतात, तिथे ओळखीचं नाव अर्धी लढाई जिंकतं. त्यामुळे आणावीत, जरूर आणावीत.

पिंपरीकर
ताई, तुम्ही माझीच बाजू मांडलीत आणि माझ्यापेक्षा चांगली मांडलीत. कायनेटिकचं काम होतं गाडी सोपी करणं, आणि नवी पण तेच काम करतेय, म्हणून ते नाव तिला शोभतं. चेतकचंही मी मान्य करतो. १९७२ ची चेतक म्हणजे पत्र्याची, दणकट, अख्खं कुटुंब वाहणारी, बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघायला लावणारी. २०२० मध्ये इलेक्ट्रिक आणली तेव्हा बाकी सगळे प्लास्टिक लावत असताना बजाजने पत्रा ठेवला. एक तरी वचन पाळलं.

माझा राग आहे तो सफारीवर. १९९८ ची सफारी म्हणजे फोर बाय फोर, चिखल असो नदी असो. २०२१ ला वेगळ्याच नावाने दाखवलेली गाडी ऐनवेळी सफारी म्हणून विकायला काढली आणि तिला फोर बाय फोर नाहीच, ओढतात फक्त पुढची चाकं. जुनी सफारी घेऊन लडाखला गेलेल्या माणसाला काय वाटलं असेल?

@म्युनिकवासी, ऑक्सफर्डच्या कारखान्याचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

दोन_स्ट्रोक
जुन्या सफारीतलेही किती मालक फोर बाय फोर कधी वापरत होते? बहुतेकांनी फोर बाय टूच घेतली होती. तुम्ही गाडीचं जे काम म्हणताय ते तुमच्या मनातलं आहे. कोणाला सफारी म्हणजे लडाख, कोणाला सफारी म्हणजे सात जणांना घेऊन अक्कलकोट-तुळजापूर. दुसऱ्याचं काम नवी गाडी जुनीपेक्षा चांगलं करते.

सांगली_गॅरेज
मेकॅनिक माणूस आहे, मोठं लिहिता येत नाही पण लिहितो. जुनी जावा-येझदी ज्यांनी चालवली त्यांना माहितीय, किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच. किक मारायची, मग तोच दांडा आत दाबून पुढे फिरवायचा आणि त्याच्यानेच गिअर टाकायचे. नवीन पोराच्या हातात दिली तर तो किक शोधत राहतो. ती गाडी १९९६ ला बंद झाली तरी आजही माझ्याकडे येते, आणि मालक रडकुंडीला आलेला असतो कारण पार्ट मिळत नाही. मिळतो तो डुप्लिकेट, पिस्टन रिंग महिन्यात घासून जाते, क्रँक बेअरिंग आवाज करायला लागतं, मग शिव्या आम्हाला.

२०१८ ला नवीन जावा आली, महिनोन्महिने वेटिंग. चांगली आहे, आली तेव्हा २९३ सीसी, फोर स्ट्रोक, रेडिएटरवाली. पाण्याने थंड होतंय तरी हवेच्या इंजिनासारख्या पट्ट्या दिसायला ठेवल्यात. राहू देत, छान दिसतात. माझं म्हणणं एवढंच की जुन्या गाडीच्या नावावर नवी विकता तर जुन्या गाडीचे पार्ट पण बनवा ना. मर्सिडीज, पोर्श जुन्या गाड्यांचे पार्ट अजून विकतात. आपल्याकडे ज्या माणसाने चाळीस वर्षं येझदी सांभाळली त्याच्यामुळे ते नाव जिवंत राहिलं, दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी गाड्या धुऊन-पुसून रॅली काढतात ही माणसं, आणि कंपनीच्या काउंटरवर त्यांना काहीच मिळत नाही.

क्ले_मॉडेल
सांगलीकर, हा मुद्दा मूळ धाग्यापेक्षा मोठा आहे. वर सरकारी खर्च पण बघा, १५ वर्षांवरच्या कारची नोंदणी पुन्हा करायची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५००० झाली आणि आता २० वर्षांवरच्यांना त्याच्या दुप्पट. व्हिंटेजची वेगळी नोंदणी २०२१ पासून आहे पण त्याला गाडी ५० वर्षांची लागते आणि ती रोज वापरता येत नाही. १९९१ च्या सिएराला तो मान २०४१ मध्ये मिळणार. मधल्या काळात ती टिकवायची कोणी?

दोन_स्ट्रोक
इथे मात्र मी तुमच्या सगळ्यांबरोबर. सांगलीकर दादा, तुमचं म्हणणं पूर्ण पटलं. फक्त एक लक्षात घ्या, नवी जावा आल्यावर आमच्या भागात विशीतली पोरं रॅलीला यायला लागली, त्यातल्या दोघांनी नंतर जुनी येझदी शोधून घेतली. मागणी वाढली तरच कोणीतरी पिस्टन ओतायला साचा बनवेल. नवी गाडी आली नसती तर ही पोरं आलीच नसती, म्हणून माझं मत तेच, गाड्या परत आणाव्यात.

सांगली_गॅरेज
मग त्या पोरांना म्हणावं घेतलेल्या येझदीचा नंबर आणि काय काय पार्ट लागतायत ते लिहून ठेवा. पन्नास जणांची यादी झाली तर मी कोल्हापूरच्या फाउंड्रीत बोलतो, तिथे ओतकाम होतं. कंपनीची वाट बघत बसण्यापेक्षा ते लवकर होईल.

शनिवारवाडा_गिअरलेस
दादा, यादीत जुनी कायनेटिक होंडा पण घ्या. आत्याच्या गाडीचा व्हेरिओमॅटिकचा (गिअरऐवजी असतो तो) पट्टा चार महिने झाले मिळत नाहीये.