पांढऱ्या अस्वलाची चरबी: वितळणारा बर्फ आणि साठणारं विष हे दोन प्रश्न आहेत की एकच?

रानवारा (धागाकर्ती):

पोलर बेअर म्हटलं की डोळ्यासमोर एकच फोटो येतो, बर्फाच्या छोट्या तुकड्यावर एकटं बसलेलं अस्वल. त्या फोटोमुळे लोकांना वाटतं की अस्वलं बुडून मरतायत, मग कुणीतरी सांगतं की अहो ती तर पट्टीची पोहणारी असतात, आणि चर्चा तिथेच संपते. पण खरा प्रश्न पोहण्याचा नाहीच, जेवणाचा आहे.

हे जनावर वर्षभराचा बराचसा शिधा वसंत संपेपर्यंत, म्हणजे साधारण एप्रिल ते जूनमध्ये, अंगावर चढवून घेतं. रिंग्ड सीलची पिल्लं तेव्हा बर्फावर असतात आणि दूध सुटायच्या सुमाराला त्यांचं निम्मं वजन चरबीचंच असतं. अस्वल बर्फातल्या श्वास घ्यायच्या भोकापाशी तासन्‌तास न हलता दबा धरून बसतं, सीलने नाक वर काढलं की पंजा. मोकळ्या पाण्यात सील त्याच्या हाती जवळजवळ लागतच नाही. म्हणजे बर्फ नाही तर शिकार नाही. बर्फ गेला की ते किनाऱ्यावर येतं आणि समुद्र पुन्हा गोठेपर्यंत अंगावरच्या चरबीवर दिवस काढतं. कॅनडात हडसन बे या मोठ्या उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर हे उपाशी दिवस १९८० च्या दशकाच्या मानाने तीन-चार आठवड्यांनी वाढलेत.

आता दुसरी गोष्ट, जी फार कमी वेळा बोलली जाते. पीसीबीसारखी (विजेच्या उपकरणांत वापरली जाणारी जुनी) रसायनं पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. गरम देशांत वाफ होऊन उडायचं, थंडीत खाली बसायचं, पुन्हा उडायचं असं करत करत ती उत्तर ध्रुवाकडे पोचतात. तिथे सूक्ष्म जिवांतून माशात, माशातून सीलमध्ये, सीलमधून अस्वलात, आणि दर पायरीला प्रमाण वाढत जातं. अस्वल सगळ्यात वरच्या पायरीवर, आणि खातं काय तर मुख्यतः चरबीच. उपास लांबला की ही चरबी जळते आणि तिच्यात इतकी वर्षं गप्प पडलेलं विष रक्तात उतरतं. पिल्लं असलेल्या मादीचं तर आणखी वाईट, तिच्या दुधात जवळपास ३० टक्के फॅट असतं, म्हणजे स्वतः उपाशी राहून ती पिल्लाला जे पाजते त्यातच ते विष. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

म्हणून माझं म्हणणं आहे की हवामानवाले एकीकडे आणि प्रदूषणवाले दुसरीकडे अशी विभागणी करून हा प्रश्न कळणारच नाही. पटत नसेल तर मोकळेपणाने सांगा.

आकडेमोड:

चरबीचा मुद्दा नवीन होता माझ्यासाठी, त्याबद्दल आभार. पण एकूण सुराशी असहमत. १९६० च्या दशकात पाच ते दहा हजार अस्वलं होती असे अंदाज वाचायला मिळतात, आणि आज आययूसीएन ही निसर्ग संवर्धनाची जागतिक संघटना स्वतः साधारण २६,००० म्हणते. मग संपत चाललंय ते नक्की काय? अलास्का आणि रशियामधल्या चुकची समुद्रात जवळपास तीन हजार आहेत आणि चांगली धडधाकट आहेत, तिथेही बर्फ कमी झालायच की.

आणि ते २०१७ चं व्हिडिओ प्रकरण आठवा. सॉमरसेट बेटावरचं हाडाचा सापळा झालेलं अस्वल, खाली ओळ की हवामान बदल असा दिसतो. जगभर लोक रडले. पुढच्याच वर्षी नॅशनल जिओग्राफिकने मान्य केलं की आपण जास्तच पुढे गेलो, कारण ते अस्वल आजारी होतं, जखमी होतं, म्हातारं होतं की आणखी काही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. असं एकदा झालं की पुढच्या खऱ्या बातमीवरही माणूस विश्वास ठेवत नाही, आणि त्यात दोष वाचणाऱ्याचा नाही.

रानवारा:

व्हिडिओबद्दल शंभर टक्के सहमत. एका मरणाऱ्या जनावराकडे बघून कारण ठरवता येत नाही. म्हणूनच मी एका अस्वलाबद्दल न लिहिता उपासाच्या दिवसांबद्दल लिहिलं.

पण साठच्या दशकातला आकडा मोजलेला नव्हता हो, तो अंदाजच होता, बऱ्याचशा प्रदेशात तेव्हा मोजणी झालेलीच नव्हती. शिवाय तेव्हा विमानातून, जहाजावरून बेसुमार शिकार चालायची. सोव्हिएत रशियाने १९५६ सालीच शिकार बंद केली, नॉर्वेने १९७३ ला, आणि त्याच वर्षी ऑस्लोमध्ये पाच देशांनी करार केला, ऐन शीतयुद्धात अमेरिका आणि रशिया एका कागदावर सही करून. त्यामुळे काही ठिकाणी अस्वलं सावरली हे खरंच आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण बंदुकीपासून वाचवलं म्हणजे उपासमारीपासून वाचवलं असं होत नाही ना.

पश्चिम हडसन बेचे मोजलेले आकडे बघा. १९८७ ला साधारण ११९४, २०११ ला ९४९, २०१६ ला ८४२, २०२१ ला ६१८.

आकडेमोड:

हे आकडे मलाही माहीत आहेत, पण त्यांच्यासोबत येणारी चूक-मर्यादा तुम्ही दिली नाहीत. ६१८ म्हणजे खरं तर ३८५ ते ८५२ मधलं काहीही. ८४२ म्हणजे ५६२ ते ११२१. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात. शिवाय शेजारच्या दक्षिण हडसन बेमध्ये त्याच पाच वर्षांत ७८० वरून १११९ झाली. अस्वलांना काय हद्द दिसते? काही तिकडे सरकली असतील. मी हवामान बदल नाकारत नाहीये, उन्हाळ्याच्या शेवटी उरणारा बर्फ १९७९ पासून किती घटला ते उपग्रहाच्या नोंदीत स्पष्ट आहे. माझं एवढंच म्हणणं आहे की दोन आकड्यांमध्ये रेघ ओढून लगेच मृत्यूलेख लिहू नका.

विनिपेगकर:

मी इथे कॅनडात, विनिपेगला अकरा वर्षं आहे आणि दोनदा चर्चिलला गेलोय, त्यामुळे राहवलं नाही. चर्चिल म्हणजे हडसन बेवरचं हजारभरसुद्धा वस्ती नसलेलं गाव, रस्ता नाही, विनिपेगहून ट्रेनने दोन दिवस लागतात. अस्वलं तिथे समुद्र गोठायची वाट बघत थांबतात, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळे तिकडे जातात.

पहिल्या खेपेला गाडीतून एक मादी आणि तिचं एकच पिल्लू दिसलं. किनाऱ्यावरच्या वाळलेल्या समुद्री शेवाळाच्या ढिगावर ती पोट टेकून पडली होती, पुढचे पंजे हनुवटीखाली. तासाभरात ती तीनदा उठली, पाण्याच्या कडेला गेली, तिथे नुसता गाळासारखा बर्फाचा चिखल झाला होता, पंजा टाकला की आत जायचा. नाक वर करून वास घेतला आणि परत येऊन त्याच जागी पडली. पिल्लू प्रत्येक वेळी मागे मागे जायचं आणि मागे मागे यायचं. उठताना तिच्या खांद्याचं हाड कातड्याखाली सरकताना दिसत होतं. आमच्या गाडीतलं कुणीच बोलत नव्हतं. नंतर गाइडने सांगितलं की बहुतेक जूनच्या शेवटी-जुलैच्या सुरुवातीला ती जमिनीवर आली असणार. तुम्हीच महिने मोजा.

ती जमिनीवर काही खात नाही का, असं मीही विचारलं होतं. त्याचं उत्तर २०२४ मध्ये छापून आलं. वीस अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधून तीन आठवडे बघितलं, त्यांनी बेरी खाल्ल्या, गवत खाल्लं, मेलेले पक्षी खाल्ले, काही लांबवर पोहूनही आली. वीसपैकी एकोणीस अस्वलांचं वजन घटलं, साधारण रोज एक किलो. जी फिरून खात होती त्यांचंही आणि जी नुसती पडून होती त्यांचंही.

आकडेमोड, तुमचा दक्षिणेचा मुद्दा बरोबर आहे, २०२१ च्या मोजणीच्या अहवालातच लिहिलंय की स्थलांतर झालेलं असू शकतं. पण त्याच अहवालात दहा वर्षांत माद्या आणि वयात येणारी तरुण अस्वलं घटल्याचंही आहे. एकूण आकडा इकडेतिकडे झाला तरी माद्या कमी होणं मला जास्त काळजीचं वाटतं.

कोरडवाहू:

सगळ्यांचं वाचलं. मला राग आलाय असं नाही पण मनातलं बोलतो. मी सोलापूर जिल्ह्यातला. लहानपणी वडिलांच्या सायकलवर पुढे बसून नान्नजच्या माळावर माळढोक बघितलाय, मान ताठ करून गवतातून चालत जाणारा, एखाद्या म्हाताऱ्या पाटलासारखा. आज तो दिसला तर पेपरात बातमी येते. त्याच्यासाठी मराठीत असे किती धागे निघाले? पांढऱ्या अस्वलासाठी अख्खं जग आहे, कॅमेरे आहेत, पैसा आहे.

आणि दुसरं, भारताचं दरडोई कार्बन उत्सर्जन अमेरिकेच्या साधारण सातवा हिस्सा. बर्फ वितळवला त्यांनी, विष सोडलं त्यांनी, आणि हळहळायचं आम्ही. हे मला पटत नाही.

डीपीकाका:

कोरडवाहू, माळढोकाचं मनाला लागलं. पण विष त्यांनी सोडलं म्हणालात त्यावर थोडं लिहितो, कारण मी ३२ वर्षं विजेच्या कामात काढली. पीसीबी म्हणजे काही परग्रहावरचं रसायन नव्हे. ते कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये वापरायचे, कारण ते सहजी पेटत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतं, जो गुण तोच शेवटी दोष ठरला. आपल्याकडच्या बहुतेक डीप्यांमध्ये साधं खनिज तेल असायचं, पण जुनी बाहेरून आणलेली सामग्रीही होती आणि कुठल्यात काय आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. फुटलेला कपॅसिटर आम्ही उघड्या हाताने उचलून कोपऱ्यात टाकायचो, तेल मातीत. डीपीचं तेल गुडघ्याला चोळायला म्हणून लोक बाटल्या घेऊन यायचे आणि आम्ही द्यायचो. आज आठवलं की अंगावर काटा येतो.

अमेरिकेने १९७९ मध्ये बंदी घातली, जगाचा स्टॉकहोम करार २००१ चा, आपण त्यात २००६ ला गेलो, आणि पीसीबीचं उत्पादन-आयात बंद करणारा आपल्या सरकारचा आदेश आला २०१६ ला. मधल्या काळाचं काय? आमच्या कोपऱ्यातलं तेल आर्क्टिकला पोचलं असं मी म्हणत नाही, मी शास्त्रज्ञ नाही. पण आमचा यात काही संबंधच नाही असं मात्र मला म्हणवत नाही.

उंबरठा:

मला एक गोष्ट सगळ्यांच्याच लिहिण्यात खटकली. तिथे माणसं राहतात! आर्क्टिकचे मूळ रहिवासी इन्युइट लोक हजारो वर्षं त्या अस्वलासोबत राहिलेत, त्यांच्या पोटाचा आणि कपड्यांचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे, आणि आपण जणू रिकाम्या पांढऱ्या पडद्यावरची गोष्ट सांगतोय.

१९८० च्या दशकात कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या शास्त्रज्ञांना स्वच्छ प्रदेशातलं आईचं दूध तुलनेसाठी हवं होतं म्हणून उत्तरेकडच्या इन्युइट बायकांचं दूध तपासलं. त्यात पीसीबी दक्षिणेतल्या बायकांपेक्षा पाचपट निघालं. कारण तेच, सील आणि व्हेलची चरबी. रानवारा, तुम्ही मादी अस्वलाच्या दुधाबद्दल लिहिलंत तेव्हा हे वाक्य तिथे यायला हवं होतं.

कॅनडाच्या उत्तरेतल्या नुनावुतमधले शिकारी सांगतात की गावाजवळ अस्वलं वाढलीयत. २०१८ मध्ये तिथल्या आर्व्हियाटला एका बापाने अस्वलापासून पोरांना वाचवताना जीव गमावला. त्यांना जाऊन तुमचं संवर्धन सांगून बघा. इन्युइट नेत्या शीला वॉट-क्लूटिए यांनी २००५ मध्ये ६२ इन्युइट लोकांसोबत आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाकडे अर्ज केला की अमेरिकेच्या उत्सर्जनामुळे आमचं जगणं हिरावलं जातंय. तो पुढच्या वर्षी फेटाळला. अस्वलाला अमेरिकेने २००८ मध्ये आपल्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्यात जागा दिली, माणसांचा अर्ज मात्र ऐकून घेतला नाही. मला आधी याबद्दल बोलायचंय.

रानवारा:

उंबरठा, चूक माझी. इन्युइट बायकांच्या दुधाबद्दल मी वाचलं होतं तरी पहिल्या पोस्टमध्ये अस्वलच धरून बसले. गावाजवळ अस्वलं वाढल्याचं मात्र मला विरोधी वाटत नाही. बर्फ नसला की ती जमिनीवर जास्त दिवस राहतात, भुकेली राहतात, मग कचऱ्याच्या वासाने येतात. २०१९ च्या फेब्रुवारीत रशियाच्या नोवाया झेम्ल्यावर पन्नासेक अस्वलं एका वस्तीत शिरली आणि आणीबाणी जाहीर करावी लागली. शिकारी जे बघतायत तेही खरं, मोजणारे सांगतात तेही खरं.

सडा_वास्को:

आमच्या वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं केंद्र आहे आणि माझा मामेभाऊ तिथून स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक बेटांवर आपल्या हिमाद्री स्टेशनवर जाऊन आला. २००८ पासून ते चालू आहे. तो सांगत होता, वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर रायफल चालवायला शिकलेला माणूस सोबत पाहिजेच, आणि वस्तीत घरांची दारं कुलूप न लावता ठेवतात, अस्वल आलं तर कुणालाही कुठेही शिरता यावं म्हणून. कोरडवाहू भाऊ, आपले लोक तिथे हौसेला जात नाहीत, तिथला बर्फ आणि आपला पाऊस यांचा काय संबंध हे बघायलाही जातात. सोलापूरच्या माणसाला पाऊस लांबचा विषय नसावा.

कोरडवाहू:

पावसाचं मान्य. डीपीकाकांचंही मान्य, आमच्या आजीने ते तेल गुडघ्याला लावलंय. माझा पैसा आणि वेळ तरी माळढोकालाच जाणार, त्यात बदल नाही. पण पाप त्यांचं असं सरसकट पुन्हा म्हणणार नाही.

आकडेमोड:

पट्टे एकमेकांवर चढतात हे माझं म्हणणं कायम आहे. मात्र माद्या घटल्याचा भाग मी अहवालात वाचलाच नव्हता, नुसता एकूण आकडा बघून पुढे गेलो होतो, काल रात्री बसून वाचला. विनिपेगकर, हडसन बेची पुढची विमानातली मोजणी छापून आली आणि तुम्हाला आधी दिसली तर इथे टाका. दक्षिण आणि पश्चिम दोन्हीचे आकडे एकत्र हवेत, माद्या आणि पिल्लं वेगळी करून. मला आधी दिसली तर मी धागा वर काढतो.