अनुभव धागा: आपण काही करत नसताना कॉम्प्युटर नेटवर कोणाशी बोलतो?

ब्राउझर बंद, डाउनलोड बंद, तरी अपलोडचा आकडा चढतोच आहे. घरच्या कॉम्प्युटरवर असं दिसलं की बरेच जण थेट फॉरमॅट मारायला निघतात. मला ते फार खटकतं. फॉरमॅटने कारण कळत नाही, आणि कारण राउटरमध्ये असेल तर त्रासही जात नाही. तुमच्याकडे असं झालं असेल तर ट्रॅफिक कशाचा होता आणि माग कसा काढलात, ते सविस्तर लिहा.

सुरुवात माझ्यापासून. व्हिडिओ कॉलवर माझा आवाज समोरच्याला तुटक जायचा. टास्क मॅनेजरमधून रिसोर्स मॉनिटर उघडला, नेटवर्कच्या टॅबमध्ये पाठवलेल्या डेटाच्या रकान्यावर क्रम लावला. सगळ्यात वर एसव्हीसीहोस्ट. या नावावरून काहीच बोध होत नाही, विंडोजच्या कितीतरी सेवा त्याच नावाखाली चालतात. मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून नेटस्टॅट (चालू कनेक्शनची यादी देणारी कमांड) चालवलं, सोबत 'बी' हा पर्याय जोडून, म्हणजे कनेक्शनमागचा प्रोग्रामही दिसतो. आतली सेवा निघाली डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन. विंडोज १० पासूनची ही सोय आपण उतरवलेले अपडेट दुसऱ्या कॉम्प्युटरांनाही पुरवते, पोर्ट (कनेक्शनच्या दाराचा क्रमांक) ७६८०. माझ्याकडे ती घरच्या नेटवर्कपुरती न राहता इंटरनेटवरच्या कॉम्प्युटरांनाही खुली होती. अपलोड भरून गेला की कॉलमधला आवाजही त्याच रांगेत ताटकळतो. सेटिंग बदललं, कॉल सुधारले.

* * *

वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, दाखवणारा प्रोग्राम) पहिल्यांदा उघडणाऱ्यांनी आधी हे वाचा. माझ्या धाकट्या भावाला त्यात २३९.२५५.२५५.२५० आणि २२४.०.०.२५१ हे पत्ते सारखे दिसत होते आणि कोणीतरी कॉम्प्युटरमध्ये शिरलंय अशी त्याची खात्री झाली होती. २२४ पासून २३९ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते मल्टिकास्टचे, म्हणजे एकाच वेळी अनेक उपकरणांना हाक देण्याचे असतात. पोर्ट १९०० किंवा ५३५३ दिसलं तर टीव्ही, प्रिंटर, फोन एकमेकांना शोधत आहेत असं समजा. ही हाकाहाक घरातच राहते. माझं मत असं, की पॅकेट बघणं ही शेवटची पायरी. आधी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, शोधा.

* * *

आमचं प्रकरण खरंच वाईट होतं, म्हणून सगळं लिहिते.

पहिली खूण कॉम्प्युटरवर नव्हतीच. घरातल्या कुठल्याही उपकरणावरून साइट उघडली की 'तुम्ही रोबोट नाही ना' हे कोडं यायचं, काही साइट तर दारच उघडत नव्हत्या. म्हणजे बाहेरच्या जगात आमचा आयपी पत्ता बदनाम झाला होता. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी काढली आणि एकेक बंद करत गेले. आईचा लॅपटॉप बंद केला की ट्रॅफिक थांबायचा.

त्यावर टीसीपीव्ह्यू (कोणता प्रोग्राम कुठे जोडलाय ते सतत दाखवणारं साधन) चालवलं. एकाच प्रोग्रामची असंख्य कनेक्शन, सगळी ४४३ पोर्टवर (सुरक्षित वेबसाइटचं नेहमीचं पोर्ट), आईने कधी नावही न ऐकलेल्या ठिकाणी. तो प्रोग्राम म्हणजे फुकटचं व्हीपीएन (आपला ट्रॅफिक दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारी सोय). त्याच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की मोबदल्यात तुमचं कनेक्शन इतर ग्राहकांना वापरायला दिलं जाईल. कोणी अनोळखी माणसं आमच्या घराच्या पत्त्यावरून इंटरनेटवर वावरत होती, आणि त्यांनी काही गुन्हा केला असता तर माग आईच्या दारापर्यंत आला असता! अँटीव्हायरसने त्याला कधीच हटकलं नाही, कारण आईने स्वतःच 'मान्य' दाबलं होतं. प्रोग्राम काढला, ब्राउझरमधलं त्याचं एक्स्टेन्शन वेगळं काढावं लागलं, ऑटोरन्समध्ये (आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी दाखवणारं साधन) उरलेली नोंद पुसली. कोडी मात्र त्यानंतरही बरेच दिवस येत राहिली. घरातल्या मोठ्या माणसांच्या लॅपटॉपवर काय काय आहे ते एकदा त्यांच्या शेजारी बसून बघा, प्लीज.

* * *

धागाकर्त्याशी एका बाबतीत असहमत. काही वेळा फॉरमॅटच हवा.

माझ्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर नेटहॉग्ज (कोणती प्रोसेस किती नेट वापरते ते दाखवणारं साधन) लावलं तर एक अनोळखी प्रोसेस दिसली. डेटा अगदी थोडा, पण अखंड, आणि सीपीयू पूर्ण व्यापलेला. ही जोडी दिसली की मायनिंगचा, म्हणजे आपल्या मशीनवर कोणी चोरून क्रिप्टो चलन कमावत असल्याचा, संशय घ्यावा. 'प्रॉक'मध्ये (चालू प्रोसेसची माहिती देणारा लिनक्सचा फोल्डर) त्या प्रोसेसच्या मूळ फाइलपुढे 'डिलीटेड' लिहिलेलं. प्रोसेस मारली की क्रॉनमधली (ठरावीक वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) एक ओळ तिला पुन्हा उठवायची, तीही रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, क्रॉनमध्ये. आत येण्याची वाट एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) होती. राउटरने २२ पोर्ट बाहेर उघडं ठेवलेलं, लॉगिन पासवर्डवर. परक्याच्या हाती रूटचे अधिकार गेल्यावर त्या मशीनवरच्या कुठल्याच उत्तरावर विश्वास ठेवता येत नाही. आधी लॉग दुसरीकडे उतरवून घेतले, मग डिस्क पुसली. आता पासवर्डने लॉगिन बंद, फक्त की, म्हणजे माझ्याकडच्या गुप्त किल्ली-फाइलने.

* * *

वरच्या राउटरच्या मुद्द्याला जोडून. आमच्याकडे सगळ्याच उपकरणांवर भलतीच पानं उघडत होती. कॉम्प्युटर साफ, राउटरमधला डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर) पत्ता मात्र कोणीतरी बदललेला. राउटर रीसेट केला, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत केलं, ॲडमिनचा पासवर्ड बदलला. डीएनएसचेंजर हा व्हायरस याच जातीचा होता. २०११ मध्ये त्याची टोळी पकडली गेली, पण बाधित लोकांचं नेट एकदम तुटू नये म्हणून पर्यायी सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले होते.

* * *

छोटासाच अनुभव. ठरावीक वेळाने एक कनेक्शन झळकायचं आणि नेटस्टॅट टाइप करेपर्यंत नाहीसं व्हायचं. टीसीपीव्ह्यू उघडं ठेवलं. त्यात नवं कनेक्शन हिरवं आणि संपणारं लाल दिसतं, त्यामुळे लगेच सापडलं. पत्ता १९२.१६८ चा, म्हणजे घरातलाच. स्थिती एसवायएन-सेंट, म्हणजे हाक गेली पण उत्तर आलं नाही. जुना प्रिंटर देऊन टाकला तरी त्याचा ड्रायव्हर राहिला होता आणि तो अजून प्रिंटरला शोधत होता. ड्रायव्हर काढला, पुन्हा दिसलं नाही.