विड्रॉल 'प्रोसेसिंग'वर अडकलाय, फोनमधल्या वॉलेटमध्ये बॅलन्स शून्य दिसला, पैसे गेले का?

कांदिवली_ईस्ट

नमस्कार मंडळी, घाईत टाइप करतेय, सांभाळून घ्या. मी आणि नवरा मिळून गेली काही वर्षं थोडं थोडं बिटकॉइन घेत आलोय, सगळं एका भारतीय वॉलेट अ‍ॅपवर, नाव आत्ता घेत नाही. भाव चढायला लागल्यापासून तिथे नुसती झुंबड आहे, लोअर परळला आमच्या ऑफिसात जेवायला बसलं की रोज कोणीतरी नवीन केवायसी करून आलेलं असतं, आणि तेव्हापासूनच अ‍ॅप धड चालत नाहीये. ओटीपी येतो तोवर त्याची वेळ संपलेली असते, पोर्टफोलिओ उघडला की नुसतं गोल गोल फिरत राहतं. म्हणून म्हटलं निम्मं तरी आपल्या फोनमधल्या वॉलेटमध्ये काढून ठेवू, ज्याचे १२ गुप्त शब्द (ज्यांनी वॉलेट उघडता येतं) आपल्याच जवळ असतात त्यात. परवा रात्री विड्रॉल टाकला, रक्कम लगेच वजा झाली, स्टेटस 'प्रोसेसिंग', आणि अजून तेच.

त्यात भर म्हणजे फोनमधल्या वॉलेटमध्ये आधीपासून थोडं इथर (इथेरियम नेटवर्कचं नाणं) होतं, त्यातलं नवऱ्याला पाठवलं ते पेंडिंग, आणि काल सकाळी चर्चगेट लोकलमध्ये उघडून बघते तर सगळा बॅलन्सच शून्य! संध्याकाळी परत दिसायला लागला, पण दिवसभर कामात लक्ष नव्हतं हो. दोन्हीचं कारण एकच आहे की वेगवेगळं? आणि विड्रॉल परत टाकू का?

पार्ल्याचा_नोडवाला

ताई, दोन्ही वेगळी प्रकरणं आहेत, आणि परत विड्रॉल अजिबात टाकू नका.

आधी एकच बघा. विड्रॉलच्या हिस्टरीत ट्रान्झॅक्शन आयडी दिलाय का, ६४ अक्षरांची माळ असते, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. असेल तर ती मेमपूल डॉट स्पेस या साइटवर टाका, बिटकॉइनचे व्यवहार तिथे बघता येतात, तिथे तुमचा व्यवहार दिसला म्हणजे कंपनीने पाठवलाय आणि आता तो ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या पक्क्या नोंदवहीच्या पुढच्या पानात, जायची वाट बघतोय. आयडीच नसेल तर बिटकॉइन कंपनीच्या बाहेर पडलेलंच नाही, त्यांच्या स्वतःच्या रांगेत आहे, आणि सपोर्टवाले 'नेटवर्क कंजेशन' (बिटकॉइनच्या नेटवर्कवरच गर्दी) म्हणून सांगत असतील तर ते खरं कारण नाही.

कंजेशन ही गोष्ट खोटी नाही हेही सांगतो. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो, त्यात जागा ठरलेली, सगळ्या जगाचे मिळून सेकंदाला साधारण ७ च व्यवहार बसतात. डिसेंबर २०१७ मध्ये भाव २० हजार डॉलरच्या जवळ गेला तेव्हा एका व्यवहाराची सरासरी फी ५० डॉलरच्या वर गेली होती आणि कमी फी दिलेले लोक दिवसचे दिवस लटकले. फी कमी पडलेला व्यवहार मेमपूलमध्ये, म्हणजे वाट बघणाऱ्या व्यवहारांच्या रांगेत, पडून राहतो, नोडच्या (नेटवर्क चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) डीफॉल्ट सेटिंगमध्ये दोन आठवड्यांनी किंवा मेमपूल ३०० एमबीच्या वर भरला तर त्याआधीच टाकून दिला जातो, आणि मग ते बिटकॉइन पाठवणाऱ्याकडेच असतं, मध्ये कुठे हरवत नाही.

आता शून्य बॅलन्स. तुमच्या फोनमध्ये नाणी नसतातच, फक्त किल्ल्या असतात. अ‍ॅप उघडलं की ते कुठल्यातरी सर्व्हरला विचारतं की या पत्त्यावर किती आहे, आणि सर्व्हरवर ताण आला किंवा त्याचं इंडेक्सिंग (नवीन व्यवहारांची नोंद ठेवणं) मागे पडलं की उत्तर येत नाही आणि काही अ‍ॅप सरळ शून्य दाखवतात. हे त्या अ‍ॅप बनवणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही, 'माहिती मिळाली नाही' असं लिहायला काय जातं, माणसाचा जीव जातो शून्य बघून. ११ नोव्हेंबर २०२० ला इन्फ्युरा, म्हणजे अ‍ॅपना इथेरियमची माहिती पुरवणारी सर्व्हर सेवा, बंद पडलं होतं तेव्हा इथेरियम व्यवस्थित चालू असूनही मेटामास्क वॉलेटवाल्यांना बॅलन्स नीट दिसत नव्हते, कारण मेटामास्क डीफॉल्टने इन्फ्युरालाच विचारतं. पुढच्या वेळी असं झालं तर स्वतःचा पत्ता इथरस्कॅनवर (इथेरियमचे व्यवहार दाखवणारी साइट) टाकून बघा, १२ शब्द कुठेही टाकायची गरज नाही.

मुलुंड_स्लो

नोडवाले भाऊ, तुमचं सगळं बरोबर असेल पण मला जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. 'तांत्रिक अडचण' हे शब्द आम्ही आधी ऐकलेत. माउंट गॉक्स या जपानमधल्या बिटकॉइन एक्स्चेंजने ७ फेब्रुवारी २०१४ ला विड्रॉल थांबवले तेव्हा ट्रान्झॅक्शन मॅलिएबिलिटी (कन्फर्म व्हायच्या आधी व्यवहाराचा आयडी बदलता येणं) असं तांत्रिक कारणच दिलं होतं, आणि महिना संपायच्या आत दिवाळखोरी, साडेआठ लाख बिटकॉइन नाहीत म्हणून जाहीर केलं. आपल्याकडे वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर १८ जुलै २०२४ ला सायबर हल्ला झाला, २३ कोटी डॉलरच्या आसपास गेले आणि त्याच दिवशी विड्रॉल बंद. ताई, तुम्ही घाबरा असं म्हणत नाही पण नुसतं शांत बसून राहू नका, सगळे स्क्रीनशॉट आत्ताच काढा, स्टेटमेंट डाउनलोड करा, सपोर्टला मेल करून तिकीट नंबर घ्या. चॅटवर बोललेलं उद्या दाखवता येत नाही.

एमआयडीसी_अंधेरी

मी अशाच एका सेवेच्या बॅकएंडला काम केलंय, युजर अचानक कितीतरी पट झाले त्या काळात, म्हणून आतून काय होतं ते लिहितो, लांब होईल.

गर्दीत पहिली मरते ती लेजरची, म्हणजे कोणाचे किती याच्या हिशेबाची, डेटाबेस. प्रत्येक विड्रॉलला त्या युजरचा बॅलन्स लॉक करून वजा करावा लागतो, नाहीतर एकाच पैशाचे दोन विड्रॉल निघतील. एरवी हे मिलिसेकंदात होतं, पण लोक अ‍ॅप बंद करून परत उघडतात, परत बटण दाबतात, प्रत्येक दाबण्याची नवीन रिक्वेस्ट, मग लॉकसाठी रांग, मग टाइमआउट, आणि टाइमआउट झाला की अ‍ॅप आपणहूनच परत विचारतं. स्क्रीनवर रक्कम वजा दिसते पण पुढचं पाऊल पडलेलं नसतं, ताईंचं बहुतेक हेच झालंय.

दुसरं म्हणजे हॉट वॉलेट. बँकेत कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये थोडी रोकड आणि बाकी तिजोरीत असते तसं कंपनीही थोडेच बिटकॉइन ऑनलाइन ठेवते आणि बाकी कोल्ड वॉलेटमध्ये, जिथून काढायला दोन-तीन जबाबदार माणसांच्या सह्या लागतात. रोजच्या अंदाजाने ड्रॉवर भरलेला असतो, शनिवारी रात्री भाव उडाला की तो तासाभरात रिकामा आणि सही करणारे घरी झोपलेले.

आणि तिसरं फार कमी लोकांना माहीत असतं. एक विड्रॉल पाठवला की उरलेली रक्कम चेंज म्हणून कंपनीकडे परत येते, पुढचा विड्रॉल त्याच चेंजमधून, त्याच्या पुढचा त्याच्या चेंजमधून. पण आधीचे कन्फर्म झालेले (ब्लॉकमध्ये गेलेले) नसताना अशी साखळी बिटकॉइन कोअर, म्हणजे बहुतेक नोड चालवतात ते सॉफ्टवेअर, डीफॉल्टने २५ च्या पुढे जाऊ देत नव्हतं, बरीच वर्षं हीच मर्यादा होती. म्हणजे पहिल्याची फी कमी लावली गेली आणि तो अडकला तर मागचे सगळे अडकले. यावर उपाय आहेत, पन्नास-शंभर जणांचे विड्रॉल एकाच व्यवहारात गोळा करून पाठवायचे, फी स्वस्त असेल तेव्हा बारीक बारीक तुकडे एकत्र करून ठेवायचे, पण ही कामं गर्दी व्हायच्या आधी करायची असतात आणि तेव्हा सगळं लक्ष नवीन युजर आणण्याच्या जाहिरातींवर असतं. ही चूक एकाच कंपनीची नाही. मे २०२३ मध्ये फी अचानक वाढली तेव्हा बायनान्ससारख्या सगळ्यात मोठ्या एक्स्चेंजलाही बिटकॉइनचे विड्रॉल थोडा वेळ थांबवावे लागले होते, कारण ठरवून ठेवलेली फी कमी पडली.

मुलुंड भाऊंची शंका रास्त आहे, फरक कसा ओळखायचा तर मी हे बघतो: विड्रॉल सगळ्यांचेच थांबलेत की फक्त मोठ्या रकमांचे, दुसरी नाणी बाहेर जातायत का, आणि विड्रॉल बंद असताना डिपॉझिट घेणं चालूच आहे का. रोज थोडे थोडे सुटतायत तर गर्दीच समजा. सगळं गप्प, स्टेटस पेजवर एक ओळ नाही आणि वर नवीन बोनस ऑफर चालू, तर मी त्याच दिवशी लेखी तक्रार करेन.

दादर_हिंदमाता

ताई अजून एक, आणि हे प्लीज आईबाबांनाही सांगा. अशा दिवसांत ट्विटरवर, टेलिग्रामवर 'विड्रॉल अडकला' लिहिलं की पाच मिनिटांत सपोर्ट नावाचा कोणीतरी मेसेज करतो, वॉलेट 'सिंक' करायची लिंक देतो आणि १२ शब्द मागतो. शब्द दिले की संपलं, पैसे परत मिळत नाहीत. २०१८ च्या शेवटी इलेक्ट्रम वॉलेटमध्ये तर चोरांनी स्वतःचे सर्व्हर घुसवून अ‍ॅपच्या आतच 'अपडेट करा' असा मेसेज दाखवला होता, व्यवहार जात नाही म्हणून वैतागलेल्या लोकांनी ते अपडेट टाकलं आणि दोनशेच्या वर बिटकॉइन गेले. कोणी फसलंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, सकाळची वाट बघत बसायचं नाही.

कांदिवली_ईस्ट

खूप खूप आभार सगळ्यांचे, जीव भांड्यात पडला. बघितलं, ट्रान्झॅक्शन आयडी नाहीये, म्हणजे त्यांच्याच रांगेत. दुसऱ्या एका ग्रुपवर विचारलं होतं तिथून खरंच एका 'सपोर्ट'चा मेसेज आलाय, ब्लॉक केला. मेल पाठवला, तिकीट नंबर मिळालाय. विड्रॉलच्या बाजूला कॅन्सलचं बटण दिसतंय, ते दाबू का? आणि इथरचं काय करू, ते अजून पेंडिंग आहे, दुसरं एक पाठवायचा प्रयत्न केला तेही त्याच्या मागे अडकलं.

पार्ल्याचा_नोडवाला

कॅन्सल दाबायचं असेल तर दाबा, आयडी नसल्यामुळे नुकसान नाही, पण एकदाच दाबा आणि रक्कम बॅलन्समध्ये परत दिसेपर्यंत नवीन विड्रॉल टाकू नका. परत आली की आधी छोटी रक्कम पाठवून बघा, ती फोनमध्ये पोचली आणि एक तरी कन्फर्मेशन आलं की मग बाकीची. मी तर रांग हलतेय असं दिसलं तर कॅन्सल न करता थांबेन, नाहीतर परत शेवटी जाऊन उभं राहायचं.

इथरचं सोपं आहे. तिथे एका पत्त्यावरून निघणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला क्रमांक असतो, नॉन्स म्हणतात, आणि ५ नंबर गेल्याशिवाय ६ नंबर जाऊच शकत नाही, म्हणून तुमचं दुसरं मागे अडकलं. तिसरं पाठवू नका. सगळ्यात जुन्या पेंडिंगवर जाऊन 'स्पीड अप' दाबा, तोच नंबर जास्त फी लावून परत जाईल. फी आधीपेक्षा निदान १० टक्के वाढवा, त्याहून कमी वाढवली तर बहुतेक नोड बदललेला व्यवहार घेतच नाहीत. पहिलं सुटलं की दुसरंही बहुतेक आपोआप जाईल, नाही गेलं तर त्यालाही तेच करा.