बी विंगच्या गच्चीवर पफ: करायचं का?

महेश (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी 🙏 बी विंगच्या गच्चीवर पफ (ऊन अडवणारा फोम) मारण्याचं कोटेशन पीडीएफ करून टाकलं आहे. 50 मिलिमीटर जाडी, वरून पांढरं कोटिंग. सातव्या मजल्याची मागणी गेल्या उन्हाळ्यापासूनची आहे. रविवारच्या मीटिंगआधी वाचून घ्या. कृपया पार्किंगचा विषय इथे काढू नये.

भोसले (बी-102): गच्ची तापते वरच्यांची, पैसे सगळ्यांचे. छान चाललंय.

नीलिमा (बी-703): भाऊजी, एकदा एप्रिलमध्ये दुपारी या आमच्याकडे चहाला. पंखा लावला की वरून भट्टीची हवा येते. बरं, दुपारचं सोडा. रात्री अकरा वाजता बाहेर गार वारा असतो आणि आमचं छत तेव्हाही गरमच. दिवसभर स्लॅबने खाल्लेलं ऊन रात्री आमच्यावर उतरतं.

भोसले (बी-102): चहाला येतो वहिनी, पण वर्गणीचं बघू 😄

केतकी (बी-701): महेशदादा, हा पफ म्हणजे पीयू (पॉलियुरेथेन) फोमच ना? मी जरा शोधलं. त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. भोपाळला जे गळलं तेही आयसोसायनेटच होतं! आमच्या अर्णवला दमा आहे. डोक्यावर हे नको.

पाटील काका (ए-602): अरे बापरे. हे बघा. (फॉरवर्ड: लंडनची 24 मजली इमारत फोममुळे जळाली, व्हिडिओ नक्की पहा आणि दहा जणांना पाठवा)

महेश (सेक्रेटरी): काका, फॉरवर्ड कमी. इनामदार काका, तुम्ही या धंद्यात होतात. जरा सांगता का?

इनामदार काका (बी-404): सांगतो, पण लांबेल. चष्मा शोधतो आधी.

इनामदार काका (बी-404): केतकी, तुझी भीती निम्मी बरोबर आहे. भोपाळला 1984 मध्ये सुटलं ते मिथाइल आयसोसायनेट. ते 39 अंशाला उकळतं, म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी टाकीतून बाहेर यायला निमित्तच शोधत असतं. पफमध्ये वापरतात त्याला आम्ही एमडीआय म्हणतो. ते तपकिरी, काकवीसारखं दाट, साध्या हवेत फार कमी उडणारं. आडनाव एक, घराणं वेगळं. पण म्हणून ते गरीब आहे असं समजू नकोस.

इनामदार काका (बी-404): काम कसं होतं बघ. दोन पिंप असतात. एकात एमडीआय, दुसऱ्यात पॉलिओल. मशीन दोन्ही गरम करून वेगवेगळ्या पाइपांतून गनपर्यंत आणतं आणि तिथे ती दोन्ही जोरात एकमेकांवर आदळतात. स्लॅबवर पडताना पातळ रंगासारखं दिसतं. तीन-चार सेकंदांत फुगायला लागतं, पंचवीस-तीस पट होतं आणि बघता बघता घट्ट होतं. घट्ट झालं की दोघांचं एक झालं, मोकळं एमडीआय जवळपास उरत नाही. तुझ्या फ्रिजच्या भिंतीत, गीझरच्या टाकीभोवती, गच्चीवरच्या सोलरच्या टाकीत हाच फोम आहे. अर्णव रोज त्या फ्रिजचं दार उघडतो, त्याला काही होत नाही.

इनामदार काका (बी-404): धोका आहे तो फवारा मारतानाचा. गरम करून दाबाने मारलं की त्याचं बारीक धुकं होतं, आणि ते छातीत गेलं तर वाईट. अमेरिकेच्या निऑश या संस्थेने कामगारासाठी एमडीआयची दिवसभराची मर्यादा 0.005 पीपीएम ठेवली आहे. म्हणजे हवेच्या दहा कोटी भागांत अर्धा भाग. आणि खोच अशी की याचा वास येईपर्यंत मर्यादा कधीच ओलांडलेली असते. "वास येत नाही म्हणजे ठीक आहे" हे इथे चालत नाही.

केतकी (बी-701): म्हणजे दम्याचा त्रास होऊ शकतो ना?

इनामदार काका (बी-404): होऊ शकतो. ज्याला नाही त्यालाही लागू शकतो. एकदा शरीराने याची धास्ती घेतली की पुढे कणभरसुद्धा पुरतं. आमच्याकडे एक पोरगा होता, गन धरायला पक्का, हात असा की पृष्ठभाग काचेसारखा यायचा. पण तोंडाला रुमाल बांधून काम करायचा. पुढे पुढे मशीन चालू झालं की साइटच्या गेटवरच खोकला सुरू. शेवटी त्याने काम सोडलं. आता रिक्षा चालवतो. म्हणून मला ठेकेदाराच्या रेटपेक्षा त्याच्या माणसांच्या तोंडावर काय आहे ते आधी बघायचं असतं. कापडी मास्क किंवा तो निळा सर्जिकल दिसला तर काम बंद करायचं. फवारणाऱ्याला बाहेरून नळीने ताजी हवा देणारा पूर्ण चेहऱ्याचा मास्क लागतो.

डॉ. सुप्रिया (ए-303): काका बरोबर सांगताहेत. रंगकाम, फोम, फर्निचर पॉलिश यातल्या कामगारांचा दमा आयसोसायनेटमुळे होतो हे वैद्यकीय पुस्तकांत पक्कं नोंदलेलं आहे. केतकी, अर्णवला त्या दिवशी घरी ठेवूच नकोस. शक्य असेल तर दोन-तीन दिवस आजीकडे. कॅन्सरचं विचाराल तर एमडीआयबाबत आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने पुरावा अपुरा म्हणून तिसऱ्या गटात ठेवलंय, म्हणजे ठरवता येत नाही अशा यादीत. मला काळजी श्वासाची वाटते.

केतकी (बी-701): थँक्यू ताई. आजीकडे पाठवते. पण आमची खिडकी थेट गच्चीच्या कठड्याखालीच आहे.

इनामदार काका (बी-404): खिडक्या बंद, बाथरूमचा एक्झॉस्ट बंद आणि त्यावर आतून टेप. स्प्लिट एसी चालेल, तो घरातलीच हवा फिरवतो. विंडो एसीची हवा आत घेणारी झडप बंद हवी. पाण्याच्या टाक्यांची झाकणं प्लॅस्टिकने बांधायची. सातवा मजला आणि जमलं तर सहावाही निदान एक दिवस रिकामा. परदेशात कंपनीप्रमाणे 24 ते 72 तास म्हणतात, पण ते घराच्या आत मारतात तेव्हाचं. आपलं उघड्यावर आहे, एक रात्र जाऊ दिली तरी माझ्या मते पुष्कळ.

शिंदे (ए-101): आणि गाड्या? माझी गाडी नेमकी बी विंगखाली उभी असते, कारण ए विंगच्या जागेवर कोण उभं करतं ते सगळ्यांना माहीत आहे.

महेश (सेक्रेटरी): शिंदे साहेब 🙏🙏

इनामदार काका (बी-404): पार्किंगच्या भांडणात मी नाही, पण गाडीचा प्रश्न खरा आहे. वारा असला तर धुक्याचे थेंब सात मजले खाली येतात आणि काचेवर, बॉनेटवर बारीक दाण्यांसारखे चिकटतात. पाण्याने निघत नाहीत, पेट्रोलने निघत नाहीत, घासलं तर रंग निघतो. एका ठिकाणी समोरच्या सोसायटीच्या गाड्यांची भरपाई देता देता ठेकेदाराचा नफा गेला होता. गच्चीच्या कडेला हिरवी जाळी नव्हे, जाड ताडपत्री लावायला सांगा, आणि वारा सुटला की काम थांबवायचं असं कोटेशनवर लिहून घ्या. सकाळी लवकर सुरू करावं, दुपारी वारा वाढतो.

नीलिमा (बी-703): काका, मुळात फरक पडतो का? पैसे घालायचे आणि छत तसंच.

इनामदार काका (बी-404): पडतो. काँक्रीटची उष्णता-वाहकता दीडच्या आसपास, पफची 0.025 च्या जवळ, थर्मोकोलची 0.035. गणित तूच कर. दोन इंच पफ ऊन अडवायला जे करतो ते काँक्रीटला करायचं तर तीन मीटर जाड स्लॅब लागेल. आणि तो स्लॅबच्या वर बसत असल्यामुळे स्लॅब तापतच नाही, म्हणून तुझी रात्र सुधारेल. फक्त एक खरं सांगतो. पश्चिमेच्या भिंतीतून येणारं ऊन पफने थांबत नाही. तुझा हॉल पश्चिमेला आहे, तिथे संध्याकाळी थोडं राहीलच.

देशमुख (बी-704): मग आतूनच का नाही मारत? मी मुलाच्या ड्रम्सच्या खोलीला छताला फोम लावायचा विचार करतच होतो. आवाजही अडेल, गरमीही. एका दगडात दोन पक्षी.

इनामदार काका (बी-404): नाही. देशमुख, हे अजिबात करू नका. उघडा फोम राहत्या खोलीच्या छताला नाही म्हणजे नाही.

इनामदार काका (बी-404): पाटील साहेबांचा फॉरवर्ड आता बघू. लंडनची ग्रेनफेल टॉवर, जून 2017, 72 माणसं गेली. तिथे आग चढली ती मुख्यतः बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमधल्या पॉलिथिलीनमुळे. त्यांच्या मागे पफच्या जातीचे बोर्ड होते, त्यांनीही भर घातली. आपल्या गच्चीवर आडवा थर आणि उभ्या भिंतीवर सातही मजले चढवलेला थर, यात फार फरक आहे. पण देशमुख म्हणतात तसं आतून लावलं तर उदाहरण दुसरं आहे. ब्राझीलमध्ये 2013 च्या जानेवारीत किस नावाच्या क्लबमध्ये छताला आवाज अडवायला फोम लावला होता. कार्यक्रमातल्या फटाक्याची ठिणगी लागली आणि 242 माणसं गेली. बहुतेक भाजून नाही, धुराने. हा फोम जळला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड दोन्ही देतो. त्या धुरात दार शोधायला वेळ मिळत नाही.

देशमुख (बी-704): बरं. ड्रम्स विकतो 🙄

नीलिमा (बी-703): हा सर्वात चांगला निर्णय. आमचा पाठिंबा.

महेश (सेक्रेटरी): काका, "फायर रिटार्डंट ग्रेड" असं कोटेशनमध्ये लिहिलंय. मग काळजी नाही ना?

इनामदार काका (बी-404): ते हवंच, पण त्याने आग उशिरा धरते, धरत नाही असं नाही. गच्चीवर सर्वात मोठा शत्रू वेल्डिंगवाला. कोरियात इचॉन इथे 2020 मध्ये गोदामाचं बांधकाम चालू असताना फोमच्या कामाजवळ वेल्डिंगची ठिणगी पडली, 38 कामगार गेले. आपल्याकडे पफ झाल्यावर कोणी केबलवाला, सोलरवाला किंवा टाकीचा स्टँड दुरुस्त करणारा वर गेला तर कमिटीला कळवल्याशिवाय वेल्डिंग मशीन वर जाता कामा नये. वॉचमनला हे आत्ताच सांगून ठेवा.

सुहास (बी-603): मी जे वाचलं त्यात म्हणे फोममुळे ओझोनला भोक पडतं?

इनामदार काका (बी-404): पूर्वी फुगवायला एचसीएफसी 141-बी नावाचा गॅस वापरायचे. भारतात 1 जानेवारी 2020 पासून फोमच्या कामात तो बंद आहे. ठेकेदाराला विचारा कुठला ब्लोइंग एजंट वापरतो. उत्तर देताना तो गडबडला तर तिथेच समजून घ्या.

भोसले (बी-102): आणि हे किती वर्षं टिकतं? की दोन वर्षांत परत वर्गणी?

इनामदार काका (बी-404): भोसले, हा तुम्ही सर्वात कामाचा प्रश्न विचारलात. पफला ऊन सहन होत नाही. उघडा ठेवला की आधी पिवळा, मग नारिंगी पडतो आणि वरचा थर हाताला भुकटीसारखा लागतो. ती भुकटी पावसाबरोबर पाइपातून आपल्या रिचार्ज खड्ड्यात जाईल. म्हणून त्याच्यावर कोटिंग नुसतं पांढरं दिसायला नको, किती मायक्रॉन हे लिहून घ्या. आणि गच्चीवर पापड-कुरडया, पोरांचं क्रिकेट, पतंग चालणार असेल तर कोटिंग पुरणार नाही. वर जाळी टाकून काँक्रीटचा पातळ थर किंवा चायना मोझॅक लागेल. कोटेशनमध्ये ते नाही. म्हणून ते स्वस्त दिसतंय.

महेश (सेक्रेटरी): हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

इनामदार काका (बी-404): अजून एक. आधी गळती काढा. 704 च्या बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आहे ना? ओल्या कोब्यावर पफ मारला की एमडीआय पाण्याशी बोलतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, फोड येतात आणि थर सुटतो. मग पाणी एका ठिकाणी शिरतं आणि दहा फूट लांब टपकतं. तेव्हा शोधायला मला बोलावू नका. वळवाचा पाऊस सुरू व्हायच्या आत, कोबा खडखडीत वाळलेला असताना करा नाहीतर दिवाळीनंतर.

शिंदे (ए-101): मी तर म्हणतो चुना मारा. आमच्या गावी घरावर चुनाच मारतात. केमिकलचं लफडंच नको.

डॉ. सुप्रिया (ए-303): यात तथ्य आहे. पांढरं छप्पर ऊन परत पाठवतं. तेलंगणाने 2023 मध्ये कूल रूफचं धोरणच काढलं.

इनामदार काका (बी-404): चुना किंवा पांढरा रंग वाईट नाही. खर्च पफच्या मानाने किरकोळ. पण पुण्याची धूळ आणि कबुतरं, दर वर्षी परत मारावा लागतो. माझं मत विचाराल तर या उन्हाळ्यात चुना मारा, तोपर्यंत गळती काढा, आणि पफ दिवाळीनंतर नीट कोटेशन घेऊन. घाईत मारलेला पफ काढायचा म्हणजे खरवडून काढावा लागतो आणि तो जाळणं तर चालतच नाही. कोणी गच्चीच्या कोपऱ्यात तुकडे पेटवायला लागला तर त्याला आधी खाली आणा.

नीलिमा (बी-703): म्हणजे अजून एक उन्हाळा असाच? चुन्याने भागेल का हो काका?

इनामदार काका (बी-404): पूर्ण नाही भागणार. दुपारचं थोडं उतरेल. तुझी रात्रीची तक्रार मला मान्य आहे, म्हणूनच दिवाळीनंतर करायचं हे रविवारच्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहून घे. तोंडी नको.

केतकी (बी-701): मला चालेल. तेव्हा अर्णवला शाळेला सुट्टीही असेल.

भोसले (बी-102): चुन्याला माझा पाठिंबा. पफचं नंतर बघू.

महेश (सेक्रेटरी): भाऊ, "नंतर बघू" नाही. रविवारी ठराव येईल, तेव्हा हात वर करायचा आहे. ठेकेदाराकडून दोन नवीन कोटेशन मागवतो: कोटिंगची जाडी, वरचा थर, मास्क, ताडपत्री, वाऱ्यात काम बंद, हे सगळं घालून. चुन्यासाठी गुरुवारी माणूस येतोय. गच्चीवर दोन गंजलेल्या सायकली आणि एक कूलर पडला आहे. ज्यांचे असतील त्यांनी बुधवारपर्यंत हलवावेत.

देशमुख (बी-704): कूलर माझा. सायकली माझ्या नाहीत.