थायरॉइड आणि लोहाची गोळी एकत्र चालते का?

प्रश्न: बहिणीचं टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी; थायरॉइड मंदावलं की हा आकडा वाढतो) ९, हिमोग्लोबिन ९.२. दोन्ही गोळ्या सकाळी एकदमच घेते. तीन महिन्यांत फरक नाही. दोन्ही आजारांचा संबंध असतो का?

उत्तर १: असू शकतो. थायरॉइड मंदावलं की पाळीत रक्तस्राव वाढू शकतो, लोह घटतं. उलट थायरॉइडचं संप्रेरक बनायलाही लोह लागतंच. पण इथे घोळ वेळेचा दिसतो: लोह थायरॉक्सिनला (म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला) आतड्यात बांधून ठेवतं, ते नीट शोषलं जात नाही. थायरॉक्सिन उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत; लोह किमान ४ तासांनी, चहासोबत अजिबात नको. कॅल्शियमलाही तेवढंच अंतर.

उत्तर २: फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा. एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) १०० च्या वर असेल तर बी-१२ सुद्धा. वेळ बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करून मगच डॉक्टरांना डोसचं विचारा.

प्रश्नकर्ती: लोह रात्री घेतलं तर?

उत्तर १: उत्तम, जेवणानंतर दोन तासांनी.